‘पोट भरलेल्यांचे लेखन’ या आक्षेपाला उत्तर

नमस्कार.

दहावी-बारावीचे निमित्त करून मुलांना मैदानापासून आणि रंगमंचापासून तोडू नये, असे मी मागच्या लेखात म्हटले होते. त्यावर आपण सविस्तर आणि काहीशा संतापाने लिहिलेत. आपले वडील सोलापूरच्या पूर्व भागात यंत्रमागावर होते, आई विड्या वळत होती आणि घराला पक्के छत मिळाले ते आपल्या अभियांत्रिकीच्या पदवीमुळे. खेळाने किंवा नाटकाने कोणाची चूल पेटली ते आधी सांगा, असे लेखन पोट भरलेल्यांनाच सुचते, असा आपला आक्षेप आहे. आठवीत असलेल्या मुलीचा खो-खो येत्या जूनपासून बंद करायचे ठरले आहे, असेही आपण कळवले आहे. आणि शेवटी, माझी स्वतःची मुले काय करतात, असे विचारले आहे.

या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो. मला एकच मुलगा. तो इंजिनिअर आहे आणि पुण्यात नोकरी करतो. सहा वर्षे तो तबला शिकत होता. दहावीचे वर्ष लागले तेव्हा ‘एका वर्षाचा तर प्रश्न आहे’ असे म्हणून मीच तबला-डग्गा गवसणीत घालून माळ्यावर ठेवला. त्या एका वर्षाला पुढे अकरावी, बारावी आणि सीईटी येऊन चिकटली. चार वर्षांनी जोड खाली काढली तेव्हा डग्ग्याची कातडी पुडी उंदरांनी कुरतडलेली होती. ती दुरुस्त करून आणली, पण मुलाने तिला हात लावला नाही. त्याची तक्रार नाही, हेही खरे. मला मात्र ते विसरता येत नाही, आणि मूळ लेखात हे लिहायचे मी टाळले, ही माझी चूक झाली.

आपल्या घरातली धास्ती मला समजते. १८७७ साली सुरू झालेली जुनी मिल, पुढे लक्ष्मी-विष्णू, नरसिंग गिरजी, अशा एकेक गिरण्या ज्या गावाने बंद पडताना पाहिल्या, त्या गावातल्या बापाने मुलासाठी महिनाअखेरीच्या पगाराची हमी शोधली तर त्याला कोणत्या तोंडाने नावे ठेवायची? भोंगा वाजायचा थांबल्यानंतर घरात काय होते, हे सांगायला इथे पुस्तक लागत नाही. तेव्हा शिक्षणाला प्राधान्य देऊ नका, असे माझे म्हणणे नव्हते आणि आजही नाही.

यशस्वी माणसांची नावे घेऊन मी वाचकांना भुलवले, हा आपला दुसरा आक्षेपही मला मान्य आहे. सोलापुरात शिकून, अभियांत्रिकी अर्धवट सोडून नाटकाकडे वळलेले अतुल कुलकर्णी किंवा करमाळा तालुक्यातल्या जेऊरचे नागराज मंजुळे यांच्याकडे बोट दाखवणे सोपे असते. त्यांच्याबरोबर निघालेले आणि कुठेच न पोहोचलेले किती, हे मी लिहिले नव्हते.

पण हाच हिशेब दुसऱ्या बाजूलाही लावून पाहावा, एवढी विनंती आहे. २०२४ मध्ये ‘नीट’ या वैद्यकीय प्रवेश परीक्षेला २३ लाखांहून अधिक मुले बसली आणि देशभरात एमबीबीएसच्या जागा होत्या सुमारे एक लाख. म्हणजे ज्या मार्गाला आपण खात्रीचा म्हणतो, त्यावरही वीसपैकी एकोणीस मुले मागे राहतात. तरीही त्याला कोणी जुगार म्हणत नाही. मुलगा शिकवणीसाठी लातूरला राहून एकदा नापास झाला तर घरचे लोक कर्ज काढून त्याला ‘रिपीट’ करायला बसवतात, नातेवाईक ‘यंदा होईल हो’ म्हणतात आणि दोन वर्षे गेली तरी ती वाया गेली असे कोणी धरत नाही. उलट मुलगी राज्य स्पर्धेच्या निवड चाचणीत एकदा मागे पडली की, ‘झालं ना आता खेळून?’ असे त्याच संध्याकाळी ऐकवले जाते. धोका दोन्हीकडे आहे. अपयशाला मान मात्र एकाच बाजूला मिळतो. माझी तक्रार आहे ती याबद्दल.

जाता जाता सांगतो: चित्रकलेला आपल्याकडे थोडी प्रतिष्ठा उरली आहे, ती एलिमेंटरी-इंटरमिजिएटचे वाढीव गुण दहावीत मिळतात म्हणून. गुण मिळाले की रंगपेटी बंद.

‘चूल कोणाची पेटली’ याचेही उत्तर देतो. स्वप्निल कुसाळे यांनी २०२४ मध्ये पॅरिसला नेमबाजीत कांस्यपदक मिळवले. १९५२ च्या हेलसिंकीतील खाशाबा जाधवांनंतर महाराष्ट्राला ७२ वर्षांनी मिळालेले हे वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. कुसाळे शिक्षकाच्या घरातले, शासनाच्या क्रीडा प्रबोधिनीतून तयार झालेले. पदक मिळण्याच्या कितीतरी आधी, नेमबाजीच्याच बळावर, ते मध्य रेल्वेत तिकीट तपासनीस म्हणून लागले होते. हीच मध्य रेल्वे आपल्याही स्टेशनवरून जाते. राज्य शासनाच्या नोकऱ्यांतही खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे. जागा थोड्या असतात, हे कबूल. पण मघाचे नीटचे आकडे पाहता तेवढ्याने हा रस्ता बाद ठरत नाही.

आता आपल्या मुलीविषयी. नववीचे वर्ष अवघड असते, हे खरे. तरी जूनमध्ये सराव एकदम तोडण्याआधी तिच्या प्रशिक्षकांना एकदा भेटा आणि ती पुढे जिल्ह्याच्या संघापर्यंत जाऊ शकते का, हे स्पष्ट विचारा. ‘नाही’ असे उत्तर आले तर आठवड्यातले तीन दिवस ठेवा. ‘हो’ आले तर सकाळची शिकवणी बदलता येते का ते पाहा, कारण संघाचा सराव एका मुलीसाठी बदलत नाही. स्पर्धांची प्रमाणपत्रे मूळ प्रतींसह एका फाइलमध्ये जपून ठेवा. नोकरीच्या वेळी त्यांची पडताळणी होते आणि तेव्हा जुने कागद मिळवताना फार धावपळ होते. आणि निर्णय काहीही होवो, तो तिला आधी विचारून घ्या. मी मुलाला विचारले नव्हते.