मशीनमागचा कॉक बंद आहे का, आत्ता जाऊन बघा

चोपड्याच्या लग्नाहून तिसऱ्या दिवशी जळगावला परतलो, तर उंबऱ्याखालून पाणी बाहेर येत होतं. यांनी आधी मेन स्विच पाडला, मगच आत पाय ठेवला. मागच्या गॅलरीत वॉशिंग मशीनचा इनलेट पाइप नटाजवळ चिरला होता. चीर केवढी, तर नखाएवढी. गच्चीवरची हजार लिटरची टाकी त्या नखाएवढ्या फटीतून घरात उतरली होती.

स्वयंपाकघरात वर्षाचे गहू होते. दोन पोती, नुकतेच निवडून ऊन दाखवून ठेवलेले. पोत्याच्या तळाशी हात घातला तर दाणे फुगलेले, आतून कोमट, आंबूस वास. पण सासूबाई आधी गव्हाबद्दल बोलल्याच नाहीत. म्हणाल्या, "आख्खी टाकी रिकामी व्हई गयी वं माय."

त्यांचं खरं आहे. वाघूर धरणाचं पाणी आमच्या गल्लीत दिवसाआड येतं, उन्हाळ्यात तर त्याचाही भरवसा नाही. भाजी धुतलेलं पाणीसुद्धा आम्ही तुळशीला घालतो. आणि मशीनचा कॉक मात्र बसवल्या दिवसापासून उघडा! सात वर्षं.

मी समजत होते, मशीन बंद म्हणजे पाणी बंद. तसं नसतं. पाणी अडतं ते मशीनच्या आतल्या वॉल्व्हपाशी. कॉक उघडा असेल तर तिथपर्यंतच्या पाइपवर टाकीचा दाब रात्रंदिवस असतो, आपण झोपलेलो असतानाही आणि गावाला गेलेलो असतानाही. प्रेशर पंप असेल तर आणखीच जास्त. त्यात आपल्याकडचं ऊन. गॅलरीत दुपारभर तापलेला पाइप कडक होतो, लवचीकपणा जातो आणि मग वाकलेल्या जागी किंवा नटाच्या तोंडाशी तडकतो. माझं ठाम मत आहे, मशीन बसवायला येणाऱ्या माणसाने हे दोन वाक्यांत सांगितलंच पाहिजे. आम्हाला कुणी सांगितलं नाही.

धुणं झालं की कॉक बंद. एवढी एकच सवय लावली असती तर आमचे गहू वाचले असते. महिन्यातून एकदा मशीन पुढे ओढून पाइपवरून बोटं फिरवा. फुगवटा, भेगा, नटाशी गंज किंवा क्षाराचा पांढरा थर लागला तर वाट बघू नका. काही दिसत नसलं तरी पाच वर्षांनी पाइप बदलाच. स्टीलच्या जाळीचा घेतला तर उत्तम, पण आत रबरच असतं, त्यामुळे तोही कायमचा नाही. नवा बसवताना आतला रबरी वॉशर नवाच घाला, नट हाताने घट्ट करून पान्याने थोडासाच आवळा. जास्त पिळला की आटे जातात. आणि मशीन भिंतीला चिकटवू नका, वीतभर जागा सोडा, नाहीतर पाइप दुमडतो.

परवा धुळ्याला बहिणीकडे गेले होते. चहाच्या आधी तिच्या मशीनमागे गेले. नटापाशी करंगळीच्या पेराएवढा फुगा! तिने तिथल्या तिथे कॉक बंद केला आणि भाच्याला नवीन पाइप आणायला पिटाळलं.