ब्राउझर चालतोय की, मग मेल का येत नाही?

बेळगाव, खानापूर, निपाणी… प्रॉक्सीमागे (म्हणजे इंटरनेटची प्रत्येक मागणी पुढे पाठवणाऱ्या मधल्या सर्व्हरमागे) बसलेल्या पोरांची तक्रार सगळीकडे एकच: "ब्राउझर मस्त चालतोय की, मग आपला प्रोग्रॅम मेल का ओढत नाही?" आणि सांगणारेही ठरलेलं सांगतात, प्रॉक्सीचा पत्ता सांगणारं एचटीटीपी_प्रॉक्सी हे व्हेरिएबल सेट करा. अरे बाबांनो, पायथनची मेल वाचायची लायब्ररी, आयमॅपलिब, त्या व्हेरिएबलकडे ढुंकूनही बघत नाही! ती थेट मेल सर्व्हरच्या 993 या पोर्टवर सॉकेट (जोडणी) उघडायला जाते, फायरवॉल पॅकेट गिळून टाकतो आणि प्रोग्रॅम टाइमआउट होईपर्यंत ताटकळतो.

उपाय एकच, मेलही प्रॉक्सीतूनच न्यायचा. आधी प्रॉक्सीच्या पोर्टला (स्क्विड हे प्रॉक्सी सॉफ्टवेअर असेल तर बहुधा 3128) साधं सॉकेट जोडा. मेल सर्व्हरचं नाव आणि 993 देऊन कनेक्टची, म्हणजे 'तिथपर्यंत जोडून दे' अशी विनंती पाठवा, शेवटी रिकामी ओळ हवीच. उत्तरही रिकाम्या ओळीपर्यंत पूर्ण वाचा. 200 (जोडलं) आलं तरच टीएलएस, म्हणजे एन्क्रिप्शन सुरू करा. तिथे नाव मेल सर्व्हरचं द्यायचं, प्रॉक्सीचं नव्हे, नाहीतर प्रमाणपत्र जुळत नाही. 407 आलं तर प्रॉक्सीचा युजर-पासवर्ड राहिलाय. उगाच मेलचा पासवर्ड बदलत बसू नका!

403 (मनाई) आलं तर मात्र कोडशी कितीही झटा, उपयोग शून्य. स्क्विडच्या मूळ कॉन्फिगमध्ये कनेक्टला फक्त 443 ची परवानगी असते. एसएसएल_पोर्ट्स आणि सेफ_पोर्ट्स या दोन्ही याद्यांमध्ये 993 घालून रीलोड करायचं, एवढंच ॲडमिनचं काम. दोन ओळी! त्या कुणी घालत नाही, म्हणून पोरं स्वतःच्या मोबाइलचा डेटा जाळून प्रोजेक्ट दाखवतात.