‘मुक्त’वाले आणि आमचा दादा

पुण्याच्या मामेभावाने, म्हणजे आमच्या दादाने, परवा घरच्या ग्रुपवर पुन्हा काडी टाकली. "बारावी न झालेले लोक ‘मुक्त’ची पदवी घेतात आणि एमपीएससीला बसतात. दर्जा कसा राहणार?" खाली अंगठ्यांची रांग. त्यात माझ्या सख्ख्या बहिणीचाही.

मी ऑस्ट्रेलियातल्या न्यूकॅसलच्या विद्यापीठात लायब्ररीच्या हेल्प डेस्कवर बसते. दादाचा मेसेज वाचला त्या दिवशी समोर पन्नाशीच्या एक बाई होत्या. एज्ड केअरमधली, म्हणजे वृद्धांच्या देखभालीची, नाइट शिफ्ट संपवून तशाच आलेल्या, अंगावर गणवेश, केमिस्टकडचा स्वस्तातला चष्मा केसांत खोचलेला. निबंधात संदर्भ कसा द्यायचा हे विचारत होत्या. आडनाव, स्वल्पविराम, वर्ष. तो स्वल्पविराम त्यांनी वहीत लाल पेनने गोल करून ठेवला. शाळा दहावीतच सुटलेली.

या बाई ‘ओपन फाउंडेशन’च्या. हा अभ्यासक्रम 1974 पासून इथे चालू आहे. फी नाही. पूर्ण वेळ केला तर एक सेमिस्टर, नोकरी सांभाळून केला तर वर्षभर. निबंध लिहायला, गणिताला भिडायला शिकवतात, आणि पास झालात की पदवीला अर्ज करायची वाट मोकळी. 1999 मध्ये बीएचपीचा पोलाद कारखाना बंद झालेलं हे गाव. चाळिशीत नव्याने सुरुवात करणं इथे कुणाला नवल वाटत नाही. बाईंना एटीएआर, म्हणजे इथला बारावीनंतरचा प्रवेशासाठीचा क्रमांक, विचारायचं माझ्या तरी कधी मनात आलं नाही.

आपल्याकडे मात्र दोन वर्षं शिक्षण सुटलं तर त्या काळात काय करत होतात, याचं गॅप ॲफिडेव्हिट स्टॅम्पपेपरवर करून द्या. जणू काही गुन्हाच केलाय! आणि हे सगळं गोऱ्यांकडून शिकायला हवं असंही नाही. नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ 1989 चं. बारावी नसलेल्यांसाठी त्यांनी ‘पूर्वतयारी’ काढली. घरचं सगळं आवरून रविवारी अभ्यासकेंद्रावर जाणाऱ्या बायका, सतरा नंबरचा फॉर्म भरून दहावीला बसलेले वॉचमन, हे दादाला दिसत नाहीत असं नाही. त्याला ते परीक्षेत शेजारच्या बाकावर नको आहेत. आणि एमपीएससीचा पेपर सगळ्यांना एकच असतो ना? तिथे दर्जा कुठून घसरला?

हे सगळं मी ग्रुपवर लिहिलं. दादाचं उत्तर: "तिकडे माणसं किती, जागा किती? तिकडून बोलणं सोपं आहे."

काही गोष्टी मी लिहिल्या नाहीत. ओपन फाउंडेशनमधलेही बरेच जण अर्ध्यात गळतात. सेन्सस डेट, म्हणजे विनादंड नाव काढून घ्यायची शेवटची तारीख, आली की डेस्कवरचे ओळखीचे चेहरे कमी होतात. आणि ही फुकटची जागा माझ्या भाच्यासारख्या स्टुडंट व्हिसावाल्याला नाही, त्याच्या फीसाठी ताईने सांगलीचा प्लॉट विकला. दादाच्या हाती हे कोलीत कशाला द्या?

त्याहून अवघड गोष्ट वेगळीच. मी बोर्डात आलेली. पेपरात फोटो, आईने गल्लीभर वाटलेले पेढे. सिडनीच्या गणपतीत कुणी नवं मराठी माणूस भेटलं की दहा मिनिटांत मी ते बोलण्यात आणतेच, नवरा तेवढ्यात प्रसादाच्या रांगेत सटकतो. इथे त्या यादीचं कुणाला सोयरसुतक नाही. डेस्कवर मी त्या चष्मेवाल्या बाईंइतकीच, उलट त्यांचे उच्चार सगळ्यांना कळतात, माझे दुसऱ्यांदा सांगावे लागतात. मला ओळखणारी जी माणसं आहेत ती दादाच्याच ग्रुपवर आहेत, आणि तो म्हणतो तिकडून बोलू नकोस.

डिसेंबरचं तिकीट काढलंय. उतरणार दादाकडेच, सदाशिव पेठेत. वहिनीला आधीच सांगून ठेवलंय, पहिल्या रात्री जेवताना भांडण होणार आहे, पिठलं जास्तीचं कर.