सोल्डर टिपवर वितळवून जॉइंटला फासायचं नसतं हो

"सोल्डरिंगच्या सिक्रेट टिप्स" म्हणून एक मेसेज सारखा फॉरवर्ड होतोय. त्यात म्हटलंय की सोल्डर (पार्ट बोर्डला जोडणारा, वितळणारा धातू) आधी आयर्नच्या, म्हणजे तापणाऱ्या हत्याराच्या, टिपवर वितळवा आणि मग जॉइंटला लावा, पार्ट जळू नये म्हणून टेंपरेचर कमीत कमी ठेवा, जेवढं जास्त सोल्डर तेवढा जॉइंट पक्का, टिप काळी पडली की कानशीने घासा, चमकत नाही तो जॉइंट ड्राय (म्हणजे नीट न धरलेला), आणि लेड-फ्री (शिसं नसलेली) वायर घेतली की धुराचं टेन्शन नाही. नवीन शिकणारे हे खरं मानून बोर्ड खराब करतायत, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

टिपवर सोल्डर वितळवून न्यायचं, ही सगळ्यात घातक सवय. सोल्डर वायर नुसता धातू नसतो, तिच्या पोटात फ्लक्स असतो. पॅडवर (बोर्डवरच्या तांब्याच्या टिकलीवर) आणि पार्टच्या पायावर ऑक्साइडचा बारीक थर चढलेला असतो, तो काढायचं काम या फ्लक्सचं, आणि तो थर निघाल्याशिवाय सोल्डर तांब्याला धरतच नाही. आता तुम्ही वायर टिपवरच वितळवली तर फ्लक्स एक-दोन सेकंदात तिथेच धूर होऊन उडून जातो, मग जॉइंटवर जातो तो नुसता धातूचा गोळा, जो वरून चिकटल्यासारखा दिसतो पण पाय जरा हलवला की सुटतो.

करायचं असं: टिप एकाच वेळी पॅडलाही टेकली पाहिजे आणि पायालाही. टिपवर सोल्डरचा अगदी चिमूटभर ओलावा असू दे, त्याने उष्णता पटकन पलीकडे जाते. सेकंदभर थांबा आणि मग वायर टिपला नाही तर समोरच्या बाजूने पाय आणि पॅड जिथे भेटतात तिथे टेकवा. दोन्ही पुरेसे तापले असतील तर सोल्डर आपोआप पायाभोवती फिरून येतं, ते डोळ्यांनी दिसतं. आधी वायर काढा, मग आयर्न, आणि गोठेपर्यंत बोर्डला हात लावू नका. एसएमडी आयसीच्या (बोर्डच्या पृष्ठभागावरच बसणाऱ्या चिपच्या) ओळीने असलेल्या पिना सोल्डर करताना टिपवर सोल्डर घेऊन ओढत नेतात हे बरोबर आहे, पण तिथे पिनांवर आधी वेगळा फ्लक्स लावलेला असतो, मेसेजमध्ये त्याचा उल्लेखच नाही.

टेंपरेचरचा मुद्दा ऐकायला पटतो पण होतं नेमकं उलट. 63/37 वायर (63 टक्के कथील, 37 टक्के शिसं) 183 डिग्रीला वितळते, लेड-फ्रीमधली नेहमीची एसएसी305 (कथील, चांदी आणि तांब्याचं मिश्रण) साधारण 217 ते 220 ला, म्हणून लोक आयर्न 230-240 वर ठेवतात. पण टिप पॅडला टेकली की तिची उष्णता तिकडे ओढली जाते, त्यात तो पॅड ग्राउंडच्या मोठ्या कॉपरला जोडलेला असेल तर विचारूच नका, सोल्डर वितळता वितळत नाही आणि तुम्ही दहा-पंधरा सेकंद आयर्न दाबून बसता, तेवढ्यात उष्णता पायातून पार्टच्या आत पोचते आणि पॅडखालची पकड सैल होऊन पॅड उखडतो. पार्ट वाचतो तो कमी वेळामुळे. लेडवाल्या वायरला 320 ते 350, लेड-फ्रीला थोडं जास्त, आणि दोन-तीन सेकंदांत काम संपवा. तरी जमत नसेल तर टेंपरेचर वाढवत नेण्याआधी टोकदार टिप काढून छिन्नीसारखी रुंद टिप लावा, कारण खरी अडचण बहुतेक वेळा टेकणारी जागा कमी पडते ही असते. 450 वर नेलं तर फ्लक्स करपतो आणि टिपही लवकर मरते.

जास्त सोल्डर म्हणजे पक्का जॉइंट? अजिबात नाही. चांगल्या जॉइंटचा उतार आतल्या बाजूला वळलेला असतो आणि पायाचा आकार त्यातून दिसतो. गोल गोटी झाली की खाली सोल्डर धरलंय की नाही हेच कळत नाही, शिवाय शेजारच्या पिनेला ब्रिज व्हायची, म्हणजे सोल्डरने जोडलं जायची, भीती वेगळीच.

टिपला कानस लावायचा सल्ला वाचून तर खरंच वाईट वाटतं. आतमध्ये तांबं असतं आणि त्यावर लोखंडाचा पातळ थर. कानशीने तो थर गेला की वितळलेल्या सोल्डरमधलं कथील तांबं खात सुटतं आणि टिपला खड्डा पडतो. काळी टिप पितळी जाळीत पुसा, लगेच ताजं सोल्डर लावा, परत पुसा, असं चार-पाच वेळा करा. आणि आयर्न बंद करताना टिपवर सोल्डर तसंच राहू द्या, ते पुसून ठेवू नका.

चमकेचं अर्धं खरं आहे. लेडवालं सोल्डर गोठताना हललं तर जॉइंट मळकट, दाणेदार होतो. पण लेड-फ्री जॉइंट मुळातच मंद दिसतो, आणि युरोपात 1 जुलै 2006 पासून रोह्स नियम (इलेक्ट्रॉनिक वस्तूंमध्ये शिशासारख्या घातक पदार्थांवर बंधन घालणारा) लागू झाल्यावर कंपन्यांनी मोठ्या प्रमाणावर लेड-फ्री धरलं, त्यामुळे बाजारातल्या चांगल्या बोर्डवरही तसलेच जॉइंट दिसतील. ते ड्राय समजून परत परत तापवू नका. कडेला बघा, सोल्डर पॅडवर पसरत पातळ होत गेलंय का की काठावर फुगून उभं आहे.

आता धूर. तो शिशाचा नसतोच, शिसं 1749 डिग्रीला उकळतं, आयर्न त्याच्या जवळपासही जात नाही. धूर फ्लक्सचा असतो आणि रोझिनच्या (फ्लक्समधल्या राळेच्या) धुराने दमा होऊ शकतो, म्हणजे लेड-फ्री वायर घेऊनही धोका तसाच राहतो. धूर तोंडावर येऊ न देता बाजूला ओढून घेणारा पंखा लावा. आणि लेडवाली वायर हाताळली असेल तर काही खायच्या आधी साबणाने हात धुवा, कारण शिसं पोटात जातं ते बोटांवरून.