पेशंटला काय कळलं, त्याचे मार्क द्या

ठाण्यातल्या एका हॉस्पिटलात मी सिस्टर होते, आता रिटायर झालेय, पण हे कधीपासून लिहायचं होतं. एमबीबीएसच्या प्रॅक्टिकलला लाँग केस कशी होते माहितीये? मुलाला एक पेशंट देतात, तो हिस्ट्री घेतो, तपासतो, मग एक्झामिनर येतात आणि तो सगळं इंग्लिशमधे घडाघडा सांगतो, त्याला मार्क. म्हणजे पेशंटशी तो नक्की काय बोलला, कसा बोलला, हे बहुतेक वेळा कुणी बघितलेलंच नसतं!

आणि वॉर्डात काय व्हायचं, राऊंड पुढे सरकला की दिव्याची नाहीतर कळव्याची एखादी बाई हळूच विचारायची, सिस्टर, डॉक्टर काय बोलून गेले ओ? त्यांच्यासमोर मात्र हो हो करून मान हलवलेली.

2019 च्या बॅचपासून एटकॉम आलं, म्हणजे डॉक्टरचं वागणं, नीतिमत्ता आणि संवाद शिकवणारा भाग, पेशंटशी बोलणं सिलॅबसमधे आलं, खूप चांगलं झालं. ऑस्की पण घेतात, म्हणजे मुलं एकेका स्टेशनला जाऊन ठरलेलं काम करून दाखवतात आणि चेकलिस्टवर मार्क मिळतात, ती 1975 मधे स्कॉटलंडच्या डंडीतल्या हार्डन सरांनी मांडलेली पद्धत, त्यात किमान समोर उभं राहून कुणीतरी बघतं. पण चेकलिस्ट म्हणजे नाव सांगितलं टिक, परमिशन घेतली टिक, मग मुलं "मी तुमचा त्रास समजू शकतो" पाठ करून येतात आणि म्हणताना नजर घड्याळाकडे. 1984 मधे अमेरिकेत बेकमन आणि फ्रँकेल यांनी तपासलं तेव्हा पेशंट बोलायला लागल्यावर डॉक्टर सरासरी 18 सेकंदात त्याला मधेच तोडत होते. आपल्या ओपीडीत रांग दारापर्यंत असते, घाई होणार, मान्य. पण परीक्षेत तर एकच पेशंट असतो ना समोर?

माझं म्हणणं एवढंच की स्टेशन संपलं की पेशंटलाच विचारा, काय झालंय तुम्हाला, गोळी कधी घ्यायची, परत कधी यायचं. त्याला सांगता आलं तर मुलाला मार्क, नाही आलं तर कितीही गोड बोललेला असू दे, कापा. प्रत्येक पेशंट वेगळा, मग मार्क सारखे कसे द्यायचे म्हणाल तर ट्रेनिंग दिलेले पेशंट बसवा, पण ते आपल्याकडचे हवेत, आगरी बोलणारी मावशी, मुंब्र्याचे चाचा, पाड्यावरची आजी. बाहेरच्या राज्यातनं आलेल्या मुलांना पण कामापुरतं मराठी यायलाच हवं, त्यात सूट नको.

सुरुवात इन्सुलिनपासून करा. नवीन सुरू झालेल्या बाईला समजावून सांगायचं, आणि इन्सुलिन थंड ठेवावं लागतं, तर घरात फ्रिज आहे का हे ज्याने विचारलं नाही त्याला त्या स्टेशनला पास करू नका.