‘दोन तासांचं अंतर’ फक्त इसबगोलापुरतं

व्हॉट्सॲपवर फिरणारा एक सल्ला असा: ‘डायबेटीसची गोळी आणि दुसरं काहीही, म्हणजे इसबगोल, कारल्याचा रस, दारू किंवा दुसऱ्या डॉक्टरांची औषधं, यांत दोन तासांचं अंतर ठेवा. तेवढ्यात गोळी पचते, मग कशाचाच त्रास नाही. साखर उतरलीच तर चमचाभर साखर खा.’ यातलं इसबगोलाचं खरं आहे. बाकीच्यावर विसंबणं धोक्याचं.

‘दोन तासांत गोळी पचते.’ गोळी रक्तात उतरणं वेगळं आणि शरीरातून जाणं वेगळं. मेटफॉर्मिन हे डायबेटीसचं नेहमीचं औषध यकृतात मोडत नाही, जसंच्या तसं लघवीवाटे जातं आणि रक्तातलं प्रमाण निम्मं व्हायलाच सहाएक तास लागतात. ग्लिमेपिराइड हे डायबेटीसचंच दुसरं औषध यकृतात मोडतं, तरी त्याचा परिणाम दिवसभर टिकतो; म्हणून तर ते बहुधा दिवसातून एकदाच देतात. (मेटफॉर्मिनच्या एसआर, म्हणजे औषध हळूहळू सोडणाऱ्या, गोळीचं मऊ कवच कधी शौचात दिसतं. औषध त्यातून आधीच झिरपलेलं असतं, दुसरी गोळी घेऊ नका.)

‘इसबगोल आणि गोळीत अंतर ठेवा.’ हे बरोबर. चमचाभर इसबगोल पाण्यात ढवळून पाच मिनिटं ठेवा, बुळबुळीत खळ होते. पोटातही तसंच होतं आणि तीत अडकलेली गोळी उशिरा शोषली जाऊ शकते. भिजवलेल्या मेथीदाण्यांचा चिकटपणा याच जातीचा. गोळी आधी, इसबगोल दोन तासांनी.

‘दुसऱ्या डॉक्टरांचं औषध दोन तासांनी घ्या.’ खरा घोळ इथे आहे. ग्लिमेपिराइड आणि त्याच्याच जातीचं ग्लिबेनक्लामाइड यकृतातल्या ज्या विकराने (एन्झाइमने) मोडतात, त्यालाच फ्लुकोनाझोल अडवतं. नायटा, जांघेतली खाज यांवर ही गोळी सर्रास दिली जाते. तिचं रक्तातलं प्रमाण निम्मं व्हायला सुमारे ३० तास लागतात, तिथे दोन तासांनी काय होणार? निरोगी माणसांवरच्या चाचणीत फ्लुकोनाझोलसोबत शरीराला मिळालेलं ग्लिमेपिराइड दुपटीहून जास्त भरलं. म्हणजे डोस तोच, पण आत दोन गोळ्यांचं काम. को-ट्रायमोक्साझोल या अँटिबायोटिकनेही साखर अशी उतरू शकते.

टीबीचं रिफाम्पिसिन उलट वागतं. ते हेच विकर वाढवतं, गोळी लवकर मोडते आणि साखर चढते. डॉक्टर डोस वाढवतात. टीबीचा कोर्स संपला की साधारण दोन आठवड्यांत विकर पूर्ववत होतं, पण वाढवलेला डोस तसाच राहिला तर साखर कोसळते. त्या दोन आठवड्यांत साखर वरचेवर तपासायची आणि डोसबद्दल डॉक्टरांना आपणहून विचारायचं.

‘कारलं नैसर्गिक आहे.’ कारलं स्वतःच साखर उतरवू शकतं आणि गोळीच्या परिणामात भर टाकतं. क्लोरप्रोपामाइड ही डायबेटीसची जुनी गोळी घेणाऱ्या एका बाईंच्या बाबतीत कारल्याच्या भाजीने असं झाल्याची नोंद १९७९ साली ‘लॅन्सेट’मध्ये आली होती. भाजी अधूनमधून खाणं निराळं. रोज पेलाभर रस सुरू करायचा तर आधी डॉक्टरांना सांगा.

‘दारू आधी, गोळी नंतर.’ दारू मोडत असताना यकृताचं नवीन ग्लुकोज बनवणं मंदावतं. उपाशीपोटी घेतली तर रात्रीची दारू सकाळी साखर उतरवते, आणि घाम, बरळणं हे नशेसारखंच दिसल्याने घरचे झोपू देतात. मेटफॉर्मिनवर खूप दारू झाली तर रक्तात लॅक्टिक आम्ल साचण्याचाही धोका असतो.

मेटफॉर्मिनचा बाहेर पडायचा रस्ता मूत्रपिंडातून आहे. जुलाब-उलट्यांनी शरीर कोरडं पडलं किंवा डायक्लोफेनॅकसारख्या वेदनाशामकाने मूत्रपिंड मंदावलं, की ते साचतं. असा आजार आला की मेटफॉर्मिन थांबवायचं का, हे त्याच दिवशी फोन करून विचारा.

‘चमचाभर साखर खा.’ व्होग्लिबोज किंवा अकार्बोज या डायबेटीसच्याच गोळ्या घेणाऱ्यांना हा सल्ला घातक ठरू शकतो. साखर आतड्यात फोडणारं विकरच या गोळ्या अडवतात, त्यामुळे साखर, बिस्किट, गूळ लवकर लागू पडत नाही. या लोकांनी साधी ग्लुकोज पावडर जवळ बाळगावी. रक्तातली साखर ७० च्या खाली गेली की १५ ग्रॅम, म्हणजे साधारण तीन चहाचे चमचे, पाण्यातून घ्या आणि १५ मिनिटांनी परत तपासा; अजून खालीच असेल तर पुन्हा तेवढंच. शुद्ध हरपलेल्या माणसाच्या तोंडात काही घालू नका, थेट दवाखान्यात न्या. ग्लिमेपिराइडवाल्यांची साखर सावरून पुन्हा उतरू शकते, म्हणून नंतर जेवण द्या आणि त्या रात्री त्यांना एकटं झोपवू नका.