रानपिंगळा आणि ‘कचरा नोंदी’

“सामान्य माणसाच्या नोंदी म्हणजे कचरा. संशोधन जाणकारांनी करावं. लोकांना त्यात ओढणं ही फुकटची वेठबिगारी.” शहाद्याच्या आमच्या पक्षीनिरीक्षकांच्या ग्रुपवर हा फॉरवर्ड तिसऱ्यांदा आला, म्हणून लिहितोय. (त्यावर लिहिणाऱ्याचं नाव नाही, तारीखही नाही. पक्ष्यांच्या यादीत अशी नोंद आम्ही धरत नाही.)

जाणकार भरवशाचे? मग आपल्या रानपिंगळ्याचं, म्हणजे त्या छोट्या रानघुबडाचं, काय झालं ते ऐका. १८८० च्या दशकात खानदेशात त्याचे नमुने (कातडं भरून ठेवलेले पक्षी) जमवणारा जेम्स डेव्हिडसन पेशाने मुलकी अधिकारी, पक्षी हा त्याचा छंद. पुढे माइनर्ट्झहागेन या गाजलेल्या पक्षीतज्ज्ञाने १९१४ सालचा, गुजरातेतल्या मांडवीचा म्हणून एक नमुना दाखवला. तो निघाला डेव्हिडसनचाच, संग्रहालयातून लांबवून नव्या चिठ्ठीने सजवलेला. कातडं भरण्याची ढब डेव्हिडसनची होती, त्यावरून चोरी उघडी पडली. ती चिठ्ठी बाजूला ठेवून शोध घेतला, तेव्हा बरीच वर्षं कुणाला न दिसलेला हा पक्षी नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळच सापडला. हौशी माणसाची नोंद खरी, नामवंताची खोटी. नोंद तपासता येते का, एवढंच बघायचं असतं.

‘कचरा’ म्हणाल, तर २०२३ चा भारतातील पक्ष्यांचा स्थिती-अहवाल ३० हजारांवर पक्षीनिरीक्षकांच्या सुमारे ३ कोटी नोंदींवर उभा आहे. त्यात ९४२ प्रजाती आहेत. वावगी वाटणारी नोंद आधी परीक्षकाकडे जाते. उणीव आहे ती वेगळीच: नोंदी गावाजवळच्या आणि सुट्टीच्या दिवशीच्या जास्त, सातपुड्यातल्या आतल्या पाड्यांच्या फार थोड्या.

वेठबिगारीच्या मुद्द्यावर मात्र मी फॉरवर्डच्या बाजूने अर्धा सरकतो. घरट्यापर्यंत नेणारा पावरा आदिवासी माणूस अहवालात नुसता ‘स्थानिक वाटाड्या’ होतो, ही लबाडीच. औषधी झाडाची माहिती त्याच्याकडून घेऊन नफा दुसऱ्याने कमवायचा, हे रोखायला २००२ चा जैवविविधता कायदा आहे. गावाची लोकजैवविविधता नोंदवही, म्हणजे गावातल्या झाडं-प्राण्यांची आणि त्यांच्या माहितीची वही, हीही त्याच कायद्याच्या आधाराने होते. पण ती वही एखाद्या कंत्राटदाराला तालुक्याला बसूनही भरता येते. घरट्याचा पत्ता उघड केला की कॅमेरेवाल्यांची रांग लागते, तेही खरं.

म्हणून काय नोंदी थांबवायच्या? आधी त्या वाट दाखवणाऱ्याला विचारा, नाव घालू का म्हणून. घरट्याची जागा झाका. आणि अहवाल छापून आला की त्याच्या अंगणात बसून, त्याला कळेल अशा बोलीत वाचून दाखवा. एखादं झाड चुकलं असेल तर तिथेच सांगेल तो.